लिमिट रातोरात उतरलं तर? तीन-चार क्रेडिट कार्डं सांभाळण्याची रीत

गणपतीच्या आधीचा शनिवार. घरचा जुना फ्रिज बंद पडला होता, म्हणून ताईला घेऊन दुकानात गेलो. ३८,५०० रुपयांचा एक पसंत पडला. काउंटरवरच्या मुलाने कार्ड मशीनमध्ये घातलं, मी पिन टाकला आणि जी चिठ्ठी बाहेर आली तिच्यावर 'डिक्लाइन्ड'. त्याने कार्डाची चिप शर्टाला पुसली, पुन्हा घातलं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मागच्या रांगेतल्या काकांनी घड्याळ पाहिलं आणि ताईने काही न बोलता पर्समधून आपलं डेबिट कार्ड काढलं.

माझ्या डोक्यात त्या कार्डाचं लिमिट दीड लाख होतं. घरी येऊन ॲप उघडलं तर ४०,०००. त्यातले २१,००० मोबाइलच्या ईएमआयने अडवलेले, म्हणजे वापरायला उरले १९,०००. बँकेने कळवलं नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. अकरा दिवसांपूर्वी रात्री पावणेदहाला एसएमएस येऊन पडला होता, सेलच्या आणि लोनच्या मेसेजांखाली गाडलेला. आजवर एकही बिल थकवलं नव्हतं, त्यामुळे राग आला. मग नियम काढून वाचले, तेव्हा कळलं की बँकेने नियमाबाहेर काही केलेलंच नाही.

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट कार्डांबाबत सविस्तर निर्देश काढले, ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यानुसार लिमिट वाढवायचं असेल तर बँकेला तुमची स्पष्ट संमती घ्यावी लागते. कमी करायचं असेल तर? नुसतं कळवलं की झालं. वाढवताना विचारणं, कमी करताना सांगणं, एवढा हा फरक. तेव्हा कुठल्याही कार्डाचं लिमिट कुठल्याही दिवशी खाली येऊ शकतं, हे धरूनच मी आता सगळी मांडणी करतो. ती कशी, ते क्रमाने सांगतो.

सगळी कार्डं एका पानावर आणा

एक्सेल शीट करा नाहीतर वाण्याच्या हिशेबाची लाल वही घ्या, पण सगळं एका पानावर दिसलं पाहिजे. प्रत्येक कार्डासाठी एवढे रकाने: बँकेचं नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे, मंजूर लिमिट, ईएमआयमध्ये अडकलेली रक्कम, बिल निघण्याची तारीख, भरायची शेवटची तारीख, वार्षिक फी किती व कोणत्या महिन्यात, आणि त्या कार्डावर कोणकोणते ऑटो-डेबिट लावलेत. पूर्ण नंबर, सीव्हीव्ही, पिन यातलं काहीही या पानावर नको. लिमिटचा रकाना मी पेन्सिलीने लिहितो. दर महिन्याला बिल आलं की त्यावरचं लिमिट या रकान्याशी जुळवून पाहायचं. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते करत असतो तर फ्रिजच्या दुकानात ती शोभा झाली नसती.

पान भरताना तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, एकाच बँकेची दोन कार्डं. त्या दोन्हींवर एक-एक लाख दिसलं तर बेरीज दोन लाख धरू नका. बऱ्याच बँका एकाच ग्राहकाच्या सगळ्या कार्डांना मिळून एकच सामायिक लिमिट देतात, एकावर ७०,००० खर्च झाले की दुसऱ्यावरही ३०,०००च उरतात. दुसरी, ॲड-ऑन कार्ड. बायकोच्या किंवा मुलाच्या नावाचं ॲड-ऑन असलं तरी पैसे मुख्य कार्डाच्या लिमिटमधूनच जातात. तिसरी, कॅश लिमिट. ते एकूण लिमिटच्या पोटातलंच असतं, वर जास्तीचं नसतं. आणि एटीएममधून उचललेल्या रकमेवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, शिवाय फी वेगळी. तो रकाना मी ठेवतच नाही. ज्याला हात लावायचा नाही तो लिहून काय करायचं?

तारखा पगाराशी जुळवा

समजा एका कार्डाचं बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं आणि २५ तारखेपर्यंत भरायचं असतं. ६ जूनला घेतलेली वस्तू ५ जुलैच्या बिलात येते आणि पैसे द्यायचे २५ जुलैला, म्हणजे ४९ दिवस बिनव्याजी. तीच वस्तू ४ जूनला घेतली तर ५ जूनच्याच बिलात चढते आणि २५ जूनला पैसे, म्हणजे २१ दिवस. मोठी खरेदी बिलाच्या दुसऱ्या दिवशी करावी असं जे म्हणतात ते यासाठी.

पण कार्डं चार असली की खरी अडचण दिवस मोजण्याची नसते. एकाचं बिल ३ तारखेला, दुसऱ्याचं ११ ला, तिसऱ्याचं १८ ला, चौथ्याचं २६ ला असं असलं की महिनाभर काही ना काही भरतच राहावं लागतं आणि त्यात एखादं निसटतं. बिलाची तारीख बदलून मागण्याचा हक्क त्याच निर्देशांनी दिला आहे. सुरुवातीला तो एकदाच मिळत होता, मार्च २०२४ च्या दुरुस्तीनंतर किमान एकदा द्यावाच लागतो. ॲपमध्ये किंवा कस्टमर केअरला 'बिलिंग सायकल बदला' म्हणून मागा. पगार १ तारखेला होत असेल तर सगळ्यांची भरायची तारीख ५ ते १२ च्या दरम्यान आणून ठेवा. सगळ्यांची एकच तारीख मात्र नको. त्या दिवशी बँकेचा सर्व्हर बसला की सगळीच अडकतील.

प्रत्येक कार्डाला काम नेमून द्या

माझ्याकडे आता तीन कार्डं आहेत, तीन वेगवेगळ्या बँकांची. एक किराणा, पेट्रोल, रोजचं. एक फक्त ऑटो-डेबिटसाठी: विम्याचा हप्ता, वीजबिल, इंटरनेट. तिसरं मोठ्या खरेदीला आणि प्रवासाला. तीनच्या वर कशाला, असं माझं स्पष्ट मत आहे. लाउंज आणि कॅशबॅकच्या नादाने सात-आठ कार्डं बाळगणारे मित्र आहेत. त्यांचे पॉइंट मोजण्यात जाणारे रविवार मी पाहिलेत.

ऑटो-डेबिटचं कार्ड रोजच्या वापरापासून वेगळं ठेवण्याला कारण आहे. लिमिट उतरलं तर सगळ्यात आधी मार बसतो तो न दिसणाऱ्या व्यवहारांना. दुकानात नकार मिळाला तर निदान कळतं तरी. विम्याचा हप्ता पहाटे कधीतरी परत फिरतो आणि आपण पॉलिसी चालू आहे या समजात असतो. या कार्डावर महिन्याला ठरलेलीच रक्कम जाते, म्हणून लिमिट निम्म्यावर आलं तरी ती मावते. ऑटो-डेबिटच्या किमान २४ तास आधी बँकेने आपल्याला सूचना पाठवायची असते. तो मेसेज आला की त्या कार्डावर जागा आहे ना, तेवढं बघायचं.

मोठ्या खरेदीला निघताना ॲपमध्ये 'ॲव्हेलेबल लिमिट' बघायचं, हे आता सवयीचं झालं आहे. दुसऱ्या बँकेचं कार्ड आणि खात्यात थोडे रोख पैसे, दोन्ही सोबत. आणि अडीअडचणीला म्हणून राखून ठेवलेले पैसे कोणी विचारले की बरेच जण कार्डाचं लिमिट सांगतात. ते मला पटत नाही. नोकरी जाते त्याच सुमाराला बँकही हात आखडता घेण्याची शक्यता असते. तीन महिन्यांचा खर्च बचत खात्यात नाहीतर मोडता येईल अशा एफडीत हवा.

जाता जाता एक. वर्षभरात एखाद्या बँकेच्या कार्डांची बिलं मिळून १० लाख रुपये किंवा त्याहून जास्त भरली, किंवा रोखीने १ लाख भरले, तर ती माहिती आयकर खात्याकडे जाते. मित्रांच्या खरेद्या आपल्या कार्डावर करून पॉइंट गोळा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

बिल पूर्ण भरा. 'जवळजवळ पूर्ण' याला किंमत नाही

इथे जरा थांबतो, कारण याचा हिशेब फार कमी लोकांनी स्वतः मांडलेला असतो. वरच्याच कार्डावर ६ जूनला ३०,००० ची एकच खरेदी. ५ जुलैला बिल. २५ जुलैला तुम्ही २७,००० भरले आणि म्हणालात, तीन हजार पुढच्या महिन्यात देऊ. व्याजदर महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के धरा. बरेच लोक समजतात की व्याज ३,००० वर लागेल, शंभरेक रुपये. बऱ्याच बँकांत तसं होत नाही. बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदतच जाते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं. ३०,००० वर ४९ दिवसांचं सुमारे १,६९२ रुपये, मग उरलेल्या ३,००० वर ५ ऑगस्टपर्यंतच्या बारा दिवसांचं सुमारे ४१, त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण २,०४५ च्या घरात. तीन हजार मागे ठेवण्याची ही किंमत! शिवाय पूर्ण भरणा होईपर्यंत नव्या खरेद्यांवरही पहिल्या दिवसापासून व्याज.

म्हणून ऑटो-पे लावताना 'टोटल ड्यू', म्हणजे पूर्ण बिल, निवडा. 'मिनिमम ड्यू' निवडलंत तर लेट फी टळते, व्याजाचं मीटर मात्र चालूच राहतं. विसरून तारीख चुकलीच तर घाबरू नका: भरायच्या तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच बँक लेट फी लावू शकते आणि थकबाकी म्हणून नोंद करू शकते. पण ही सवलत लेट फीची आहे, व्याजाची म्हणून तिच्यावर विसंबू नका.

लिमिट का उतरतं

काही कारणं आपली असतात, काही बँकेची. आपली म्हणजे दुसरीकडे कुठे हप्ता थकला, थोड्याच दिवसांत दोन-तीन कर्जं घेतली, सगळी कार्डं काठोकाठ वापरली, महिनोन्महिने मिनिमम ड्यूच भरला, किंवा कार्ड वापरलंच नाही. एका बँकेतली गोष्ट दुसरीला कशी कळते? कोणी किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या चार क्रेडिट माहिती कंपन्या देशात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. जानेवारी २०२५ मध्ये बँकांना त्यांच्याकडे महिन्याऐवजी दर पंधरवड्याला माहिती पाठवणं बंधनकारक झालं. म्हणजे एकीकडे झालेली चूक दुसरीकडे आता आधीपेक्षा लवकर पोचते.

बँकेची कारणं आपल्या हातात नसतात. १६ नोव्हेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने बँकांच्या क्रेडिट कार्ड येण्यांवरचं जोखीम-भारांकन १२५ वरून १५० टक्के केलं. सोप्या भाषेत, कार्डावर दिलेल्या प्रत्येक रुपयामागे बँकेला स्वतःचं जास्त भांडवल अडकवून ठेवावं लागतं. असं झालं की बँका आपली यादी चाळायला लागतात, आणि त्या चाळणीत नियमित बिल भरणाराही सापडू शकतो.

उतरलंच, तर त्या दिवशी काय करायचं

आधी खरंच उतरलंय का ते बघा. व्यवहार नाकारला गेला म्हणजे लिमिट गेलं असं नाही. २०२० पासून ॲपमध्ये देशातले, परदेशातले, टॅप करून होणारे व्यवहार चालू-बंद करायची आणि त्यांना स्वतःची मर्यादा घालायची सोय आहे. आपणच कधीतरी ऑनलाइनची मर्यादा १०,००० करून विसरलेलो असतो. हॉटेलने डिपॉझिट म्हणून रक्कम अडवून ठेवलेली असते. नो-कॉस्ट ईएमआयवर घेतलेल्या टीव्हीची बरीचशी रक्कम लिमिटमधून आधीच अडकलेली असते, हप्ता भरत जाल तशी सुटते. किंवा कालच बिल भरलंय आणि ते अजून खात्याला लागलेलं नाही. ॲपमध्ये 'टोटल' आणि 'ॲव्हेलेबल' हे दोन आकडे वेगळे असतात. पहिला बदलला असेल तरच लिमिट उतरलं.

उतरलं असेल तर त्याच दिवशी त्या कार्डावरचे ऑटो-डेबिट तपासा आणि जे मावणार नाहीत ते दुसऱ्या कार्डावर हलवा. मग हे गणित करा. माझी कार्डं होती १,५०,०००, १,००,००० आणि ५०,००० ची, एकूण ३ लाख. महिन्याचा वापर ६०,०००, म्हणजे २० टक्के. पहिलं कार्ड ४०,००० वर आल्यावर एकूण राहिलं १,९०,०००. खर्च तोच, पण टक्केवारी झाली ३१ च्या वर. एकूण लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवावा असं सर्रास सांगितलं जातं. तो काही सरकारी नियम नाही, पण या कंपन्या आपला क्रेडिट स्कोअर काढतात तेव्हा ही टक्केवारी धरली जाते हे खरं. उपाय साधा आहे: बिल निघायच्या दोन-तीन दिवस आधीच काही रक्कम भरून टाका. साधारणपणे बिलावर जी बाकी दिसते तीच या कंपन्यांना कळवली जाते, त्यामुळे मधला वापर कितीही असला तरी नोंद कमी रकमेची होते.

नव्या लिमिटपेक्षा आधीची बाकीच जास्त असेल तर? बँकेला ताबडतोब ईमेल करा: 'ही बाकी लिमिट कमी करण्याआधीची आहे, ओव्हरलिमिट फी लावू नये.' तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय मंजूर लिमिट ओलांडलं जाऊ देऊ नये, असं निर्देश सांगतात. ॲपमध्ये ओव्हरलिमिटची सोय चालू असेल तर ती बंदच करा. मी तरी तिचा उपयोग झालेला कोणी पाहिला नाही.

आणि घाबरून त्याच आठवड्यात तीन नव्या कार्डांना अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी या कंपन्यांकडच्या तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर उमटते. आधीच सावध झालेल्या बँकांना त्यातून फक्त तुमची निकड दिसते.

त्याऐवजी रिपोर्ट मागवा. चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यांच्या स्वतःच्याच वेबसाइटवरून घ्या. स्कोअर ३०० ते ९०० मधला असतो, पण मी आधी स्कोअर बघतच नाही, खात्यांची यादी वाचतो. माझ्या रिपोर्टमध्ये चार वर्षांपूर्वी फेडलेलं दुचाकीचं कर्ज अजून 'चालू' दिसत होतं, आणि भाचीच्या कॉलेजची फी भरल्यामुळे दुसरं कार्ड ९० टक्के भरलेलं. लिमिट का उतरलं ते ईमेलने विचारल्यावर बँकेचं उत्तर आलं होतं, 'अंतर्गत धोरणानुसार'. रिपोर्टनेच थोडंफार सांगितलं. चुकीची नोंद ऑनलाइन तक्रार करून दुरुस्त होते. तीस दिवसांत तक्रार मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

लिमिट वाढवून देतो म्हणाले तर

बिल दर महिन्याला पूर्ण भरत असाल तर घ्यायला हरकत नाही. टक्केवारी खाली येते, आणि ॲपमध्ये स्वतःची मर्यादा जुन्याच आकड्यावर ठेवता येते. बिल अर्धवट भरून बाकी पुढे ढकलत असाल तर मात्र घेऊ नका, कर्ज वाढायला जागा मोठी होते एवढंच. होकार देणं न देणं बँकेच्या ॲपमध्ये जाऊनच करा. 'साहेब, लिमिट तीन लाख करून देतो, फक्त आलेला ओटीपी सांगा' हा फोन आला की ठेवून द्या. बाहेरच्या चोरीचा व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकाला झळ बसत नाही, पण ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. फसगत झालीच तर आधी कार्ड ब्लॉक करा, मग लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन.

कार्ड बंद करताना

पॉइंट वापरून टाका, ऑटो-डेबिट हलवा, ॲड-ऑनवाल्यांना सांगा, बाकी शून्य करा आणि मग अर्ज द्या. बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं. बाकी नसताना उशीर केला तर दर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. फोनवरचा गोड आवाज 'आणखी एक महिना ठेवा, फी माफ करतो' म्हणतो, तेव्हा तारीख लिहून घ्या आणि ईमेल पाठवाच. बंद झाल्याचं पत्र जपून ठेवा, दोन महिन्यांनी रिपोर्टमध्ये खातं 'बंद' दिसतंय का बघा. सगळ्यात जुनं कार्ड फी नसेल तर राहू द्या. मात्र वर्षाहून जास्त काळ न वापरलेल्या कार्डाबद्दल बँक तुम्हाला कळवते आणि तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर ते बंद करते. म्हणून अशा कार्डावर सहा महिन्यांतून एकदा शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकून घ्या.

बँक दाद देत नसेल तर

लेखी तक्रार करा, तक्रार क्रमांक घ्या, तीस दिवस थांबा. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार त्यांच्या सीएमएस पोर्टलवर ऑनलाइन होते, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा टोल-फ्री क्रमांक आहे. लिमिट कमी का केलं म्हणून लोकपाल ते परत वाढवून देतील अशी आशा धरू नका, तो निर्णय बँकेचा व्यावसायिक अधिकार मानला जातो. पण कळवलंच नाही, विचारल्याशिवाय वाढवलं, नको ती फी लावली, बंद करायला टाळाटाळ केली, या तक्रारींना जोर असतो.

माझ्या त्या कार्डाचं लिमिट, रिपोर्टमधली दुचाकी मिटल्यावर आणि दुसरं कार्ड खाली आणल्यावर, सात महिन्यांनी १,१०,००० झालं. या वेळी संमती मागणारा मेसेज दुपारी आला होता. ताईचे ३८,५०० मी दुसऱ्याच दिवशी परत केले, पण दुकानात कार्ड काढलं की ती अजूनही विचारते, 'ॲप बघितलंस का?'